भंडारदरा आणि चवदार तळे : प्रवराखोऱ्यातील पाण्याच्या इतिहासाचे एक परिशीलन

१० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा येथील धरणाचे उद्घाटन झाले. त्यानंतर बरोबर शंभराव्या दिवशी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यात उतरून तेथील पाणी ओंजळीने प्राशन केले. पहिल्या घटनेची नोंद पाटबंधारे खात्याच्या इतिहासात आहे आणि दुसरीची सामाजिक क्रांतीच्या इतिहासात. ही दोन पाने एकत्र वाचण्याची प्रथा आपल्याकडे नाही. वस्तुतः दोन्ही घटना एकाच इलाख्यातल्या, एकाच राजवटीतल्या आणि एकाच पदार्थाशी निगडित आहेत. ज्या गव्हर्नरांनी धरणाचे उद्घाटन केले त्यांच्याच कारकिर्दीत मुंबई विधिमंडळावर नियुक्त झालेले सभासद म्हणून बाबासाहेबांनी १८ फेब्रुवारी १९२७ रोजी शपथ घेतली होती. म्हणजे धरणानंतर आणि तळ्याआधी.

पाण्याच्या इतिहासात दोन प्रश्न असतात. पाणी कोठून आणावे व कसे साठवावे, हा पहिला. साठलेल्या पाण्यावर हक्क कोणाचा, हा दुसरा. पहिल्याची उत्तरे दगडात राहतात, त्यामुळे ती इतिहासकारांना सहज दिसतात. दुसऱ्याची उत्तरे रूढीत, कायद्यात आणि बहुधा मौनात दडलेली असतात. प्रस्तुत लेखात एका नदीच्या आधाराने हा दुसरा प्रश्न तपासावयाचा आहे.

पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी गोडे पाणी अवघे अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. त्यातलाही बहुतेक भाग हिमाच्या रूपाने गोठलेला किंवा भूगर्भात आहे. नद्या आणि सरोवरे यांच्या वाट्याला येतो तो एकूण पाण्याचा नगण्य अंश, आणि मानवी संस्कृती उभी राहिली ती याच अंशावर. नाईलच्या पुराने इजिप्तची शेती पोसली, तैग्रिस-युफ्रेतिसच्या कालव्यांनी मेसोपोटेमियाची नगरे उभी केली, सिंधूखोऱ्यात मोहेंजोदडोसारख्या नगरात वस्तीवस्तीतून विटांच्या विहिरी बांधल्या गेल्या. दख्खनचे भाग्य मात्र निराळे आहे. येथील काळ्या बेसाल्ट खडकात पाणी फारसे मुरत नाही, हिमावर पोसलेली एकही नदी नाही आणि वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो. प्रवरेचेच उदाहरण घ्यावे. रतनगडाच्या कुशीत ती उगम पावते. तेथील घाटघर-रतनवाडीच्या परिसरात चांगल्या वर्षी पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस होतो. शंभरएक किलोमीटर पूर्वेला, श्रीरामपूर-नेवाशाकडे, तो पाचशे मिलीमीटरच्या आसपास येतो. एकाच नदीच्या मुखाशी आणि मुळाशी दहापट तफावत. दख्खनमध्ये पाणी साठविण्याची विद्या ही चैन कधीच नव्हती, ती जगण्याची अट होती.

ही नदी पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. नेवाशाला प्रवरेच्या थरांत अश्मयुगीन माणसाची हत्यारे सापडली, डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून तेथे केलेल्या उत्खननाने महाराष्ट्राचा इतिहास कित्येक सहस्रके मागे नेला. संगमनेरजवळचे जोर्वे हे गाव तर एका संपूर्ण संस्कृतीला नाव देऊन गेले. इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ही संस्कृती तिच्या तोटीच्या मातीच्या भांड्यांवरून ओळखली जाते. खाली दायमाबादला चार-पाच संस्कृतींचे थर एकावर एक रचलेले आढळले. तेथेच १९७४ मध्ये एका भिल्ल ग्रामस्थाला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा अशी काशाची भरीव शिल्पे मिळाली. याच जोर्वे संस्कृतीचे पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे गाव म्हणजे इनामगाव. तेथील उत्खननात पुराचे पाणी वळविण्यासाठी खोदलेला पाट आणि त्याच्या कडेचा बांध उजेडात आला. पाट एका कुटुंबाने खोदता येत नाही. पाणी वळविण्यासाठी तीन हजार वर्षांपूर्वी गावाने एकत्र येऊन श्रम केले, आणि जेथे श्रम एकत्र येतात तेथे वाटपाचा प्रश्न लगेच उभा राहतो. पुढे हवामान कोरडे होत गेले, तशी ही गावे एकामागून एक ओस पडली, असे डॉ. म. के. ढवळीकर यांचे मत आहे.

त्यानंतरचा पाण्याचा मोठा लेखी पुरावा लेण्यांत मिळतो. सह्याद्रीतील बौद्ध लेण्यांना भेट देणारा अभ्यासक चैत्यगृह पाहतो, स्तूप पाहतो, आणि दाराशेजारचे पाण्याचे टाके ओलांडून पुढे जातो. त्याने तेथे थांबले पाहिजे. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ किंवा ‘पानीयपोढी’ म्हटले आहे. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बहुतेक लेण्यांच्या दारात पोढी आहे. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हाळींतून तीत उतरावे अशी रचना आहे. वर्षावासात पडलेला पाऊस भिक्खुसंघाला पुढील आठ महिने पुरावा, एवढी बारकाईची ती योजना होती. यांतील काही पोढींवर दात्यांची नावे आहेत. कान्हेरीची एक पोढी कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दिलेली आहे. नाशिकच्या लेण्यांत मुगूदास नावाच्या ‘दासका’चे दान आहे, आणि या शब्दाचा अर्थ मच्छीमार असा लावला जातो. दानाची पुण्याई राजघराण्यापुरती किंवा एखाद्या वर्णापुरती राखून ठेवलेली नव्हती, एवढे या लेखांवरून निःसंशय दिसते.

नाशिकच्याच लेण्यांतील दोन लेख पाण्याच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावांनी विनामूल्य उतार ठेवल्याची आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्याची नोंद एका लेखात आहे. दुसरा लेख आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी काही रक्कम तेथील श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी एक श्रेणी ‘ओदयंत्रिकां’ची, म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्या कारागिरांची होती, आणि तिच्याकडे दोन हजार कार्षापण ठेवले होते. अकोल्याच्या उत्तरेला लागून असलेल्या प्रदेशात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात जलयंत्रे करणाऱ्यांची पत एवढी होती, की भिक्खूंच्या औषधाचा पैसा त्यांच्याकडे निर्धास्तपणे ठेवावा! आपल्या अभ्यासात या श्रेणीची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही.

राजसत्तेच्या पातळीवर सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात मार्गांवर विहिरी खोदविल्याचे आणि माणसे व जनावरे या दोघांच्या उपयोगासाठी झाडे लावल्याचे नमूद केले आहे. चंद्रगुप्ताच्या काळी पुष्यगुप्ताने गिरनारला बांधलेल्या सुदर्शन तलावाला अशोकाच्या वतीने तुषास्फाने पाट काढले. इ.स. १५० च्या सुमारास तो फुटला तेव्हा महाक्षत्रप रुद्रदामनाने प्रजेकडून कर किंवा वेठ न घेता स्वतःच्या कोषातून तो दुरुस्त केला, असे त्याचा लेख सांगतो. वेठीचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. जी गोष्ट केली नाही म्हणून राजा गौरव मिरवितो, ती इतरत्र सर्रास चालत होती असाच त्याचा अर्थ होतो.

या उदार नोंदी आणि पेशवाईतील महारवाड्याची विहीर यांच्यामधला प्रवास प्रदीर्घ आहे आणि तो एका परिच्छेदात सांगण्यासारखा नाही. त्याचा शेवट मात्र सर्वांना ठाऊक आहे. गावाच्या पाण्यापासून माणूस तोडला गेला. सवर्णाने वरून ओतावे तेव्हा त्याने खाली ओंजळ धरावी, अशी स्थिती आली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. याच जोतीरावांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारने ताली, बंधारे आणि तलाव बांधून पावसाचे पाणी व माती अडवावी, असा आग्रह धरला. पाणी साठविणे आणि पाण्यावरचा हक्क हे दोन्ही प्रश्न एकोणिसाव्या शतकात एकाच मनात एकत्र नांदत होते, याचे हे उदाहरण होय. सरकारी इंजिनियरांच्या अहवालांत असे घडलेले दिसत नाही.

प्रवरेवर ओझर आणि लाख येथील कालवे १८७० च्या दशकातच निघाले होते. पण उन्हाळ्यात नदीच आटे, तेव्हा कालव्यात पाणी कोठून येणार? १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खन होरपळल्यावर १९०१ मध्ये नेमलेल्या सिंचन आयोगाने घाटमाथ्यावरच पाणी अडविण्याचा मार्ग पुढे आणला. भंडारदरा धरण हे त्या विचाराचे फळ. १९१० मध्ये सुरू झालेले बांधकाम पूर्ण होण्यास सोळा वर्षे लागली. पायापासून २७० फूट उंचीची ही काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली भिंत त्या काळी देशातील सर्वांत उंच धरणांत गणली जाई. साठा अकरा अब्ज घनफुटांचा. १९६९ मध्ये भिंतीला मोठ्या भेगा पडून गळती सुरू झाली, तेव्हा मागच्या बाजूने आधारभिंती देऊन तिला बळकटी आणावी लागली. आजही ती उभी आहे. तिच्या बांधणीविषयी आदर वाटावा असेच ते काम आहे, आणि हा आदर व्यक्त करताना संकोच करण्याचे कारण नाही.

परंतु हे पाणी जाते कोठे? धरणातून सुटलेले पाणी नदीपात्रातूनच रंधा धबधबा ओलांडून संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते, आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा या तालुक्यांत पसरते. जलाशयाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या ते महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे लोक कालव्याच्या वरच्या अंगाला राहिले. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण अशाच गावांना लागू पडते.

आता महाडकडे वळू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली व राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही सार्वजनिक स्थाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले, मात्र केवळ कागदावर. २० मार्चला तो कागद प्रत्यक्षात आला. सत्याग्रहींवर हल्ला झाला. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्ण फिर्यादींनी तळे खासगी असल्याचा दावा करून न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी फिर्यादींना सिद्ध करता आली नाही, असा निर्णय देऊन बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. याच महाडच्या वेशीजवळ गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत आणि तेथेही कातळात खोदलेल्या पोढी आहेत, हे येथे नमूद करावेसे वाटते.

बोले ठरावाची भाषा लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. हक्काचा पाया दान नाही, दया नाही. सार्वजनिक पैसा हा तो पाया आहे. भारतीय संविधानाच्या १५ (२) (ब) या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांविषयी तीच भूमिका घेतली आहे: राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेली किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेली स्थाने सर्वांना खुली. आता हीच कसोटी भंडारदऱ्याला लावून पाहावी. धरण पूर्णतः सार्वजनिक पैशातून उभे राहिले. पण त्याचे पाणी ओंजळीने प्यावयाचे नसते, ते शेतात जाते, आणि शेत ज्याचे त्याचेच पाणी. कालव्याच्या काठी कोणी कोणाला जात विचारीत नव्हते. तेथे सातबारा विचारला जात होता. ज्या समाजाच्या हाती हाडकी-हाडोळ्यापलीकडे जमीन नव्हती त्याच्यासाठी दोन्ही प्रश्नांचे उत्तर व्यवहारात एकच येत होते.

कालव्यामागोमाग ऊस आला. नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी आखलेली ब्लॉक पद्धत दख्खनच्या कालव्यांवर रुळली होती, आणि उसाला हमखास पाणी मिळू लागले होते. श्रीरामपूरजवळ हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना उभा राहिला. पुढे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणी येथे प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडविणारे हे मोठे कार्य होते, यात वाद नाही. मात्र कारखान्याचा सभासद तो, ज्याच्याकडे ऊस. ऊस त्याच्याकडे, ज्याच्याकडे पाणी. आणि पाणी त्याच्याकडे, ज्याच्याकडे कालव्याखालची जमीन. या साखळीच्या बाहेर राहिला तो उसाच्या फडावरचा मजूर.

याच हरेगावला डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेब आले होते. निमित्त होते महार-मांग वतनदारांच्या परिषदेचे, आणि विषय होता वतनी जमिनींवरील जुडीत सरकारने केलेली वाढ. वतन म्हणजे थोडी जमीन देऊन पिढ्यान्पिढ्या सक्तीची सेवा घेणारी व्यवस्था. ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्येच विधिमंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. हरेगावच्या परिषदेला पाण्याची परिषद म्हणून कोणी ओळखत नाही. परंतु भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या मुलखात भरलेली, जमिनीच्या हक्कासाठी लढणारी ती परिषद चवदार तळ्याचाच पुढचा टप्पा होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच मार्गावरचे होत.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य या नात्याने सिंचन आणि वीज हे विषयही बाबासाहेबांकडे होते. दामोदर खोऱ्याची बहुउद्देशीय योजना, १९४५ मध्ये स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग, ओडिशातील नद्यांविषयी ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला झालेली परिषद, ही त्यांच्या कार्यकाळातील ठळक कामे. पुराला केवळ आपत्ती मानून पाणी समुद्रात लोटून देण्याऐवजी ते साठवून सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांसाठी वापरावे, असा त्यांचा विचार होता. ओंजळीने तळ्याचे पाणी पिणारा पुरुष अठरा वर्षांनी साऱ्या देशाच्या नद्यांचा विचार करीत होता.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा निवडला, तो या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. (कोलिय आणि आपल्याकडील कोळी यांचा संबंध केवळ नामसादृश्यावरून जोडण्याचा मोह येथे आवरावा.) युद्धाच्या ठरावाला विरोध करताना सिद्धार्थ जी सूचना मांडतो ती नेमकी आहे: शाक्यांनी दोन माणसे निवडावी, कोलियांनी दोन निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा. बहुमत त्याच्या विरुद्ध जाते. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी संसदेने आंतरराज्य नदी जलविवादांसाठी लवाद नेमण्याचा कायदा केला होता.

रोहिणीचा तंटा गोदावरीखोऱ्यात संपलेला नाही. प्रवरा पुढे टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि ते पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयात जाते. वरची धरणे भरलेली आणि खालचे रिकामे, असे वर्ष आले की नगर-नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर उभे ठाकतात. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ऑक्टोबर २०२३ अखेरच्या आदेशानुसार जायकवाडीसाठी एकूण ८.६०३ अब्ज घनफूट पाणी सोडावयाचे ठरले. त्यातील ३.३६ अब्ज घनफूट प्रवरा समूहाचे, म्हणजे भंडारदरा आणि त्याखालील निळवंडे या धरणांचे होते. त्याच महिन्याच्या २६ तारखेला निळवंड्याच्या डाव्या कालव्याचे उद्घाटन झाले. १८२ दुष्काळी गावांना त्याचा लाभ अपेक्षित आहे आणि त्या गावांनी अर्धशतक त्याची वाट पाहिली होती.

वाटप होते ते मात्र धरण आणि धरण यांच्यात, तालुका आणि तालुका यांच्यात. पाणीवापर संस्थांचे २००५ चे कायदेही सभासद मोजतात ते लाभक्षेत्रातील जमीनधारक. वेगळा हिशेब महाराष्ट्रात झालाच नाही असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणशी ठरला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. उसाला बंदी होती, आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा होता. योजना लहान होती, उपसा सिंचनापुरती होती, आणि मोठ्या कालव्यांवर हे तत्त्व कोणी नेले नाही. भंडारदऱ्याच्या कालव्यांवर आजही पाणी हेक्टरांत मोजले जाते.